नवा कॅमेरा येतोय म्हणे! : नवशिक्यांसाठी वाट पाहण्याची प्राथमिक पुस्तिका

प्रस्तावना

कॅमेरा विकत घेणं सोपं आहे. मुंबईला बोरा बाजारात जावं, दोन दुकानांत भाव काढावा, तिसऱ्यात घ्यावा आणि अंधार पडायच्या आत परतीची गाडी धरावी. या कामाला पुस्तिका लागत नाही. पण कॅमेरा न घेता, रोज तासभर कॅमेऱ्यावरच बोलत पाच-सहा वर्षं काढायची, याला मात्र तालीम लागते. पेण आणि रोहा या दोन गावांच्या दरम्यान मी हे काम २००९ पासून करतो आहे. शाळेच्या नोकरीतून उरलेल्या वेळात लग्नाचे फोटो काढतो, असं मी लोकांना सांगतो. लग्नं चाळीस-पन्नास झाली असतील. अफवा मोजलेल्या नाहीत.

होतकरू मंडळी हल्ली थेट दुकानात जातात आणि फसतात, म्हणजे कॅमेरा घेऊन बाहेर पडतात. तसं होऊ नये म्हणून हे चार धडे, एक प्रात्यक्षिक आणि थोडा स्वाध्याय.

धडा १ : ‘म्हणे’ कसं वापरावं

वाट पाहणाऱ्याचं पहिलं साहित्य म्हणजे ‘म्हणे’ हा शब्द. ट्रायपॉड नंतर घेतला तरी चालेल. ‘शेजारच्यांनी जमीन विकली म्हणे.’ विकली असेल, तर मी सगळ्यांच्या आधी सांगितलं. नसेल विकली, तर मी कुठे म्हटलं? लोक म्हणतात. एवढ्याशा शब्दात आपलं श्रेय आणि आपली सुटका, दोन्हीची सोय आहे.

शब्दाचा सराव करायला पेणहून रोह्याची गाडी पकडावी. पेणला चढताना वाक्य असतं, ‘नवी बॉडी येतेय म्हणे.’ कासूला ‘म्हणे’ उतरून जातो. नागोठण्याला किंमत चढते आणि खिडकीजवळची जागा धरते. निडीला कुणाचा तरी दुबईतला आतेभाऊ येतो. त्याने तो कॅमेरा हातात घेऊन पाहिलेला असतो. रोह्याला उतरेपर्यंत कॅमेरा बाजारात आलेला असतो, दोघांनी बुक केलेला असतो आणि त्यात एक खोटही निघालेली असते.

रोह्यात माझ्या मेव्हण्याचा स्टुडिओ आहे. सकाळी नेलेली बातमी मी तिथे उतरवतो. दुपारी ती धाटावच्या एमआयडीसीतून पासपोर्ट फोटोला आलेल्या गिऱ्हाइकांच्या कानावर पडते. संध्याकाळी त्यांच्यापैकीच कुणीतरी मेव्हण्याला फोन करून तीच बातमी सांगतो, आणि मेव्हणा मला फोन करतो, “भावोजी, तुम्ही म्हणत होतात ते खरं आहे. इथेही लोक तेच म्हणतायत.” दोन वेगळ्या गावांतून एकच गोष्ट आली म्हटल्यावर माझी खात्री पटते. या क्रियेला ‘दुजोरा’ म्हणतात.

धडा २ : कच्चा माल

पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंडं ज्यांनी घरी तळली आहेत, त्यांना हा धडा लगेच समजेल. कढईत टाकलेला तुकडा बोटाएवढा असतो आणि झाऱ्यावर येतो तो ताटाला पुरेल एवढा. अफवेतही मूळ लाटी खरीच असते. ती पुढीलपैकी एका ठिकाणची असते.

(अ) सरकारी नोंद. आजच्या कॅमेऱ्यात वाय-फाय आणि ब्लूटूथ असतं, म्हणजे तो रेडिओलहरी सोडतो. त्यामुळे विक्रीला आणण्याआधी त्याची त्या त्या देशाच्या दूरसंचार खात्याकडे तपासणी आणि नोंद करावी लागते. काही देशांत ही नोंद कुणालाही पाहता येते. तिच्यात एक सांकेतिक क्रमांक असतो आणि लहरींचा तपशील असतो. कॅमेऱ्याचं नाव नसतं, चित्र नसतं, मेगापिक्सेल तर नसतातच. एवढ्या पुराव्यावर फक्त ‘काहीतरी येतंय’ असं म्हणता येतं. नवशिक्या तिथेच थांबतो. तरबेज माणूस त्या क्रमांकातून स्क्रीन कुठल्या बाजूला उघडेल तेही सांगतो.

(आ) पेटंट. कॅमेरा कंपन्या लेन्सच्या रचनांची पेटंटं ढिगाने नोंदवतात. उद्या दुसऱ्याने तीच रचना वापरू नये, एवढाच पुष्कळदा त्यामागचा हेतू असतो. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून त्या जागेवर बंगला उभा राहत नाही, हे आपल्या जिल्ह्यात तरी कुणाला समजावून सांगायला नको. पण पेटंट लेन्सचं असेल, तर आपण गृहप्रवेशाचा मुहूर्त काढावा.

(इ) सेन्सर. सोनी स्वतःच्या कॅमेऱ्यांसाठी सेन्सर बनवते, तशीच इतर कंपन्यांनाही विकते. त्यामुळे तिच्याकडच्या नव्या सेन्सरची कुणकुण लागली की चार कंपन्यांचे भक्त एकाच दिवशी पेढे वाटतात. एका साच्याकडे पाहून चार मंडळांनी आपापल्या गणपतीची मिरवणूक ठरवावी, तसा हा प्रकार.

(ई) दुकानदार. ‘जुना माल यायचा बंद झालाय’ हे वाक्य ऐकलं की नवं मॉडेल आलंच समजावं. दुकानदाराने आधीच्या मालाचे पैसे चुकते केले नसल्यामुळेही माल बंद होतो, ही शक्यता मनात आणू नये.

(उ) शेवटच्या दोन दिवसांतले फोटो. कॅमेरा अधिकृतपणे जाहीर व्हायच्या तोंडावर जाहिरातीचे फोटो आणि माहितीचा तक्ता बाहेर फुटतो. परीक्षणं करणाऱ्यांना कॅमेरा आधी दिलेला असतो, दुकानांची पानं तयार झालेली असतात, आणि इतक्या हातांतून एखादी चीज निसटतेच. ही माहिती बहुधा बरोबर निघते. म्हणून नवशिक्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करावं. खऱ्या बातमीची चटक लागली की साधनेत खंड पडतो.

कंपन्या स्वतः तोंड का उघडत नाहीत, असा प्रश्न चुणचुणीत विद्यार्थी विचारतो. त्याला ॲडम ऑसबोर्नची गोष्ट सांगावी. या गृहस्थाचं बालपण तामिळनाडूत, तिरुवण्णामलैला गेलं. १९८१ मध्ये त्याने अमेरिकेत उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आणला, आणि तो धडाक्याने खपला. मग पुढचं, याहून सरस मॉडेल तयार व्हायच्या आधीच त्याचा बोभाटा झाला. गिऱ्हाइकं थांबली, जुना माल पडून राहिला आणि १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. दिवाळं निघण्याची इतरही कारणं होती असं जाणकार सांगतात, पण धंद्याच्या जगात आजही या प्रकाराला ऑसबोर्नचंच नाव आहे. तेव्हापासून शहाणी कंपनी पुढच्या मालाबद्दल गप्प राहते. ती गप्प राहिली की बोलायचं काम आपल्याकडे येतं, आणि पेण-रोह्यात बोलणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता.

धडा ३ : थोरांची चरित्रं

(१) निकॉन डी-४००. हे आमचं आराध्य दैवत, कारण ते अवतरलंच नाही. २००७ मध्ये डी-३०० आला. २००९ मध्ये त्यात किरकोळ सुधारणा होऊन डी-३००एस आला. तीनशेनंतर चारशे येतात हे आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे डी-४०० येणार हे ठरलेलंच होतं. २०११ च्या मार्चमध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला, सेंडाईचा कारखाना थांबला. ऑक्टोबरमध्ये थायलंडमधल्या अयुथ्याचा कारखाना पुराच्या पाण्यात गेला. आम्ही म्हटलं, म्हणून उशीर होतोय. २०१२ मध्ये म्हटलं, पुराचं पाणी ओसरलं, आता येईल. २०१३ मध्ये म्हटलं, येणार नसता तर एव्हाना कळलं असतं.

नेमकं २०११ मध्येच मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण सुरू झालं. पेणच्या माणसाला तेव्हापासून दोन गोष्टींची सवय झाली. ‘या गणपतीपर्यंत रस्ता होतोय’ आणि ‘या गणपतीपर्यंत कॅमेरा येतोय’ ही वाक्यं आम्ही एका श्वासात बोलायचो. वडखळच्या कोंडीत एसटी उभी असताना मी दोन्हींची वाट पाहिली आहे. मराठीत ‘वाट पाहणे’ आणि ‘वाट लागणे’ हे शेजारी राहणारे वाक्प्रचार आहेत. एकाच्या ओटीवर बसलं की दुसरा दिसतो.

५ जानेवारी २०१६ रोजी निकॉनने कॅमेरा जाहीर केला. त्याचं नाव डी-५००. चारशे हा आकडा मधल्यामध्ये गळाला. मार्चमध्ये मिळणार म्हणून सांगितलेला कॅमेरा एप्रिलअखेर मिळू लागला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो : डी-४०० आणतो असं कंपनीने कधी कबूल केलं नव्हतं. ते सगळं आम्हीच म्हटलं होतं. डी-५०० उत्तम निघाला. तो मी घेतला का? नाही. तोवर आरशाचे कॅमेरे जाऊन बिनआरशाचे येणार अशी हवा होती, आणि ती खरी ठरायला २०१८ उजाडलं.

(२) कॅनन सेव्हन-डी मार्क टू. पहिला सेव्हन-डी सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाला, दुसरा सप्टेंबर २०१४ मध्ये. या पाच वर्षांत तो कितीदा ‘पुढच्या महिन्यात’ आला, याचा हिशेब मेव्हण्याच्या स्टुडिओतल्या बाकड्याने ठेवला आहे. या चरित्रातून शिकायचं ते असं : एकच भविष्य दरमहा सांगत राहिलं, तर कधीतरी ते खरं ठरतं, आणि मग ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं म्हणता येतं.

(३) निकॉन डीएल. हे चरित्र वरच्या वर्गासाठी. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने स्वतः तीन छोटे कॅमेरे जाहीर केले. नावं सांगितली, फोटो दाखवले. आमच्या एका अफवेचाही त्यात हात नव्हता. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीनेच कळवलं की ते विकायला येणार नाहीत. लग्नपत्रिका वाटून झाल्यावर लग्न मोडावं, तसं झालं. अधिकृत घोषणेलाही शेवटी ‘म्हणे’ लावायचं, हा धडा आम्ही त्या दिवशी गिरवला.

(४) सिग्माचा पूर्ण आकाराच्या फोव्हिऑन सेन्सरचा कॅमेरा. कंपनीच्या प्रमुखांनी सप्टेंबर २०१८ मध्ये जर्मनीत कोलोनच्या प्रदर्शनात त्याची घोषणा केली. २०२० मध्ये आणायचा बेत होता. २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांनीच सांगितलं की तंत्र पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागेल. ही वाट अजून सरलेली नाही, त्यामुळे नवशिक्यांना इथे थेट प्रवेश आहे.

(५) धोक्याची सूचना : कॅनन आर-फाइव्ह. २०२० च्या सुरुवातीला कुणीतरी सांगू लागलं की कॅनन ८-के व्हिडिओचा कॅमेरा आणतेय. जाणते लोक हसले. मेव्हण्याने तर चहा सांडला. फेब्रुवारीत कंपनीनेच ‘होय’ म्हटलं आणि जुलैमध्ये कॅमेरा आला, ८-के सकट. तापण्यामुळे ८-के चित्रण सलग वीसेक मिनिटंच चालेल, हेही कंपनीने सांगितलं होतं, आणि तेही तेवीस अंश तापमानाचा हिशेब धरून. मे महिन्यात पेणच्या मंगल कार्यालयात तेवीस अंश फक्त आइस्क्रीमच्या पेटीत असतात. पण मुद्दा तो नाही. अशी एखादी अफवा खरी ठरते आणि बाकीच्या शंभर अफवांना पाच वर्षांचं रेशन मिळतं. लॉटरीवाल्याच्या टपरीवर एका विजेत्याचा फोटो लावलेला असतो, तसा आम्ही आर-फाइव्ह लावून ठेवला आहे.

धडा ४ : वाट पाहणाऱ्याचं पंचांग

भाद्रपद. गणपती. पेण, हमरापूर, जोहे, कळवे इथले कारखाने ओसंडतात. फोटोसाठी याहून चांगला महिना नाही. पण सप्टेंबरात पूर्वी कोलोनला वर्षाआड मोठं प्रदर्शन भरायचं. ते प्रदर्शन आता उरलं नसलं तरी सप्टेंबरात काहीतरी जाहीर होतंच, या श्रद्धेने थांबावं.

आश्विन. दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. पोलिसांची सशस्त्र सलामी, रांगोळ्या, दिव्यांनी उजळलेल्या गल्ल्या. कमी उजेडात चांगला चालणारा सेन्सर येतोय, मग जुन्याने कशाला काढायचे फोटो? पालखीला हात जोडावेत आणि थांबावं.

कार्तिक ते माघ. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. या काळात वाट पाहणाऱ्याची खरी कसोटी असते, कारण लोक पैसे द्यायला येतात. ‘पुढच्या सीझनला नवा सेटअप येतोय’ असं सांगून त्यांना परत पाठवावं.

फाल्गुन. फेब्रुवारीअखेरीस जपानमध्ये योकोहामाला कॅमेऱ्यांचं प्रदर्शन भरतं. त्याच्या आसपास नवे कॅमेरे खरोखरच जाहीर होतात. तेव्हा ‘आता याची किंमत उतरेपर्यंत’ असं म्हणून थांबावं. शिमग्याला बोंब मारण्याची सोय आहेच.

ज्येष्ठ ते श्रावण. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. कपाटातल्या लेन्सच्या काचेवर या दिवसांत बुरशी धरते. बारीक कोळ्याच्या जाळ्यासारखी, काचेच्या आत. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून लेन्स ठेवली तर टळते, आणि नेमाने वापरात असलेल्या लेन्सला तिचा उपद्रव कमी. पण वापरायची तर फोटो काढावे लागतात. माझी एक लेन्स डी-४०० ची वाट पाहण्यात, तिसऱ्या पावसाळ्यात गेली.

काय टाळावं

या मार्गात दोन वाईट उदाहरणं आडवी येतात. त्यांच्यापासून नवशिक्यांनी लांब राहावं.

पहिलं उदाहरण घरचंच. २०११ मध्ये, सगळं जग थांबलेलं असताना, माझा मेव्हणा बोरा बाजारातून जुना डी-३०० घेऊन आला. शटर किती वेळा पडलंय ते पाहिलं, लेन्स उजेडासमोर धरून बुरशी पाहिली, बिल मागितलं आणि घासाघीस करून घेतला. मी त्याला समजावलं, “अरे, चार महिने थांब, चारशे येतोय.” तो म्हणाला, “भावोजी, आला की तोही बघू. रविवारी नागोठण्याला हळद आहे.” पाच सीझन त्याने तो कॅमेरा राबवला. कडेचं रबर सुटलं तेव्हा सायकलच्या दुकानातलं सोल्युशन लावलं. त्या कमाईतून स्टुडिओवर माळा चढला. अफवा तोही माझ्याइतक्याच चवीने ऐकतो आणि सांगतो. फक्त त्यांच्यावर हळदीची तारीख ठरवत नाही. अशा माणसाला आमच्या संप्रदायात ‘भोंदू’ म्हणतात.

दुसरं उदाहरण हमरापूरच्या एका मूर्तिकाराचं. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी आली. तेव्हापासून ‘यंदा बंद म्हणे’ आणि ‘यंदा सूट म्हणे’ यांची पेणमध्ये वर्षातून चारदा अदलाबदल झाली. अखेर जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला आडकाठी ठेवली. पोटापाण्याची याहून मोठी अफवा कुठली असणार? हा माणूस मात्र एका कोपऱ्यात शाडू मळत होता, दुसऱ्या कोपऱ्यात साचे सोडवत होता. “थांबलो तर चतुर्थी थांबेल का, मास्तर?” असं त्याने मला विचारलं. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याने मी उत्तर दिलं नाही.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा : या ______ पर्यंत कॅमेरा नक्की येतोय. (गणपती / दिवाळी / रस्ता)
२. कारणं द्या : डी-४०० आला नाही, तरी आपलंच बरोबर होतं.
३. टिपा लिहा : दुबईतला आतेभाऊ.
४. ‘पनवेलची लोकल पेणपर्यंत येणार म्हणे’ हे वाक्य ‘म्हणे’ न वापरता लिहा. लाज वाटल्यास उत्तर कोरं सोडा.

प्रात्यक्षिक

हे लेखकाने स्वतः करून दाखवलेलं आहे.

२०१२ मध्ये त्या हमरापूरच्या मूर्तिकाराने मला नमुन्यांचा अल्बम करायला सांगितला होता. लालबागचा, दगडूशेठ, बालगणेश, लोडावर रेललेला, असे चाळीसेक प्रकार. मी म्हटलं, नवी बॉडी येऊ दे, मग कडेपर्यंत धारदार काढू. त्याने पंधरा दिवस वाट पाहिली आणि काम रोह्याला दिलं. मेव्हण्याने जुन्या डी-३०० वर, पांढरी चादर मागे लावून, एका दुपारीत सगळे नमुने उरकले.

यंदाही मूर्ती सांगायला गेलो. तोच अल्बम पुढे आला. प्लास्टिकचं कव्हर पिवळं पडलंय, पानांना रंगाची बोटं लागली आहेत. माझ्या आधी बसलेल्या आजींनी एका फोटोवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, “हा. पण सोवळं लाल.” काम झालं. मी पान जवळ घेऊन पाहिलं. डाव्या कोपऱ्यात उंदराची शेपटी किंचित धूसर आहे. तसं मी त्याच्या लक्षात आणून दिलं. त्याने ब्रश न थांबवता मान हलवली. तो डोळ्यांची आखणी करत होता.

“तुमचा कॅमेरा आला का, मास्तर?”

“येतोय म्हणे.”

त्याने ब्रश पाण्यात ठेवला, हात पुसले आणि वही ओढली. माझं नाव लिहिलं, खाली मूर्तीची उंची लिहिली. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लांबले. त्यापुढच्या वर्षीचे ४ सप्टेंबरला आहेत, आणि हे पंचांगवाल्यांना कधीपासून ठाऊक आहे. शेवटच्या रकान्यात त्याने लिहिलं, १४ सप्टेंबर. मग विचारलं, “आदल्या दिवशी सकाळी नेणार की संध्याकाळी?”